फॉरमॅट मारण्याआधी

“फॉरमॅट मारा, नव्यासारखा पळेल.” जुना डेस्कटॉप हँग होऊ लागला की पहिला सल्ला हाच मिळतो. विंडोज नव्याने टाकल्यावर साचलेला पसारा आणि बिघडलेले ड्रायव्हर जातात, हे खरे. पण हार्ड डिस्कच निकामी होत आली असेल तर फॉरमॅटने ती सुधारत नाही. चार दिवस बरे जातात आणि मशीन पुन्हा अडते. दरम्यान बॅकअप न घेतलेले फोटो गेलेले असतात आणि बिघाड कुठे आहे हे सांगणाऱ्या विंडोजच्या नोंदीही पुसल्या गेलेल्या असतात.

म्हणून आधी मशीन हँग होते म्हणजे नेमके काय होते, ते पाहावे. पडदा थिजला की कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर आतली यंत्रणा बहुधा जिवंत आहे आणि कशाची तरी वाट पाहते आहे. दिवा ढिम्म असेल तर रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा), मदरबोर्ड किंवा एखादा ड्रायव्हर यांच्यावर संशय घ्यावा. ही चाचणी अचूक नाही, पण फुकट आहे.

माउस हलतो, पण काहीच उघडत नाही, हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला, आणि थोड्या वेळाने सगळे एकदम सुरू होते, अशी तक्रार असेल तर माझा पहिला संशय डिस्कवर. खराब झालेला सेक्टर वाचता आला नाही की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. विंडोजही साधारणपणे एका विनंतीसाठी ६० सेकंदांपर्यंत थांबते. असे अनेक सेक्टर ओळीने आले की मशीन मेले असेच वाटते. इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टीम’ नोंदींत डिस्कच्या नावाने ७ किंवा १५३ क्रमांक दिसतात का, ते बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःच ठेवलेली नोंदवही दाखवते. तिथे ०५ आणि सी५ या ओळींत शून्याऐवजी वाढते आकडे असतील तर डिस्क बदलायची वेळ आली. फक्त सी७चा आकडा वाढत असेल तर मात्र बहुतेक वेळा दोष डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. स्वस्तातली ती केबल बदलून काम भागते आणि लोक उगाच डिस्क फेकून देतात. सी७चा जुना आकडा कधी कमी होत नाही. तो पुढे वाढतो का, एवढेच पाहायचे.

“आधी चेकडिस्क चालवा” हा सल्लाही उलटा आहे. खराब सेक्टर शोधणारी चेकडिस्क सबंध डिस्क वाचून काढते, आणि आधीच थकलेली डिस्क त्या ताणानेच कायमची बसू शकते. आधी बॅकअप, मग तपासणी.

“रॅम वाढवा.” टास्क मॅनेजरमध्ये मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे जात असेल तर जरूर वाढवा. विंडोज ३२-बिट असेल तर घरगुती आवृत्तीला ४ जीबीपलीकडची रॅम वापरताच येत नाही, हे मात्र खरेदीआधी तपासा. रॅम कमी असणे वेगळे आणि खराब असणे वेगळे. खराब रॅम मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून सापडते. तिथे एकही चूक दिसली तर मेमरीत गडबड आहे असे समजावे आणि एकेक पट्टी काढून पाहावी. पट्टीची टोके खोडरबराने घासण्याचा आपल्याकडचा उपायही कधीकधी लागू पडतो, पण श्रेय बरेचदा पट्टी काढून पुन्हा नीट बसवण्याचे असते. संपर्कपट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. तो जोर लावून घासू नये.

धुळीने मशीन तापते, म्हणून ती जरूर काढा, ब्लोअर मारताना पंख्याची पाती धरून ठेवा. पण गरम झालेला प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर मशीन झटकन बंद करतो. त्यामुळे जागच्या जागी थिजण्याचे खापर दर वेळी उष्णतेवर फोडू नये. डेस्कटॉपवर एफ५ दाबून ‘रिफ्रेश’ करणाऱ्यांसाठी एवढेच: त्याने आयकॉन पुन्हा रेखाटले जातात, मेमरी मोकळी होत नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसले की लगेच एसएमपीएस बदलणारेही पुष्कळ. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झाले नाही. हँग झाल्यावर तुम्ही स्वतः बटण दाबून धरलेत तरी ती उमटते. एसएमपीएसची खरी परीक्षा म्हणजे दुसरा, चांगला एसएमपीएस लावून पाहणे. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ इतकाच चढउतार चालतो. बाहेर यूपीएस असला तरी एसएमपीएसमधले कपॅसिटर वयाने थकतातच. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची टोके फुगली असतील तर कारण उघड्या डोळ्यांनी दिसते. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरनी जगभरातले असंख्य बोर्ड असेच बंद पाडले होते.

राहिला “आता नवाच घ्या” हा सल्ला. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे त्यात थोडे तथ्य आहे. पण दोष फक्त डिस्कचा निघाला तर साटा एसएसडी लावून आठ-दहा वर्षांचे मशीनही लेखन-हिशेबाला सुखाने चालते, आणि त्यावर लिनक्सही टाकता येते. बोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले निघाले तर जुन्या मशीनवर फार खर्च करू नये. आधीच घेतलेली एसएसडी तेव्हाही वाया जात नाही. नव्या डेस्कटॉपमध्ये बहुधा साटाची जागा असतेच.