आईला दोष देण्याआधी बाळाची जीभ पाहा



वासरू दिवसभर लुचूनही खंगत चालले, तर आपण केवळ गाईला दोष देत नाही. वासराच्या तोंडात बोट घालून ते नीट ओढते का, हेही पाहतो. घरच्या तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र सुनेला पटकन म्हणतो, "तुला दूधच नाही!"

वसई तालुक्यात आगाशीकडच्या एका केळीच्या वाडीवर मी हेच ऐकले. बाळ तासन्‌तास अंगावर पिई, तरी रडे. आईच्या स्तनाग्रांना चिरा पडलेल्या. आजीबाई डब्याच्या दुधाची घाई करीत होत्या. डॉक्टरांनी बाळाची जीभ उचलून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. जीभ खाली चिकटलेली होती.

जिभेखाली पातळ पडदा प्रत्येकालाच असतो. तो आखूड किंवा जाड असला, तर जीभ नीट उचलत नाही, पुढे येत नाही. बाहेर काढताना कधी तिचे टोक बदामासारखे दुभंगलेले दिसते. बाळाची पकड सुटते, पिताना चट्‌चट् आवाज होतो, वजन वाढत नाही. काही मुलांना पुढे 'ल', 'र', 'ड' हे उच्चार जड जातात.

उपाय सोपा आहे. तान्ह्या बाळाचा पातळ पडदा डॉक्टर निर्जंतुक कात्रीने क्षणात मोकळा करतात. रक्त थोडेच येते, बाळाला लगेच पाजता येते. पडदा जाड असेल किंवा मूल मोठे असेल, तर भूल आणि टाके लागू शकतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नखाने वा ब्लेडने घरी पडदा कापू नका. जिभेखाली रक्तवाहिन्या आणि लाळेच्या नळ्या असतात. रक्तस्राव, धनुर्वात होऊ शकतो. दुसरे, बाळ नीट पीत असेल तर पडदा दिसला म्हणून कापायची गरज नाही. आणि मूल उशिरा बोलत असेल, तर जिभेवर खापर न फोडता आधी त्याचे कान तपासून घ्या.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणीला येते. त्यांना मुलाची जीभ आवर्जून दाखवा. तान्ह्या बाळासाठी मात्र त्यांची वाट पाहू नका. आशाताईंना सांगून लगेच दवाखाना गाठा.

वाडीतल्या त्या बाळाने पडदा मोकळा होताच पोटभर दूध प्यायले. दूध आईला पहिल्यापासूनच होते.