होशिनोया: हॉटेलच्या जागी वसलेलं गाव

जपानमधलं कारुइझावा हे आसामा ज्वालामुखीच्या पायथ्याशी, जवळपास हजार मीटर उंचीवर वसलेलं थंड हवेचं ठिकाण. १८८६ साली अलेक्झांडर क्रॉफ्ट शॉ हा मिशनरी उन्हाळ्यात इथे येऊन राहिला आणि त्याच्यामागोमाग परदेशी लोकांची रीघ लागली. आपलं महाबळेश्वर, माथेरानही साहेबांच्या अशाच उन्हाळी मुक्कामांतून घडलं. कारुइझावातल्या गरम पाण्याच्या झऱ्याजवळ होशिनो घराण्यानं १९१४ मध्ये आपलं अतिथिगृह सुरू केलं. त्याचाच कायापालट होऊन २००५ साली होशिनोया हे हॉटेल उभं राहिलं. वास्तुरचना रिए आझुमा यांची, तर परिसराची आखणी हिरोकी हासेगावा यांची.

हॉटेल म्हटलं की एक मोठी इमारत, लांबलचक कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना खोल्या. आझुमांनी खोल्या लहान लहान घरांत वाटल्या आणि घरं दरीभर पसरली. जेवायला किंवा स्नानगृहाकडे जायचं तर उघड्यावरून, पाण्याच्या कडेनं, पूल ओलांडून जावं लागतं. पाऊस असेल तर छत्री घ्यायची. मोटारींना गावात मज्जाव. पाहुण्यांनी आपली गाडी बाहेर सोडायची आणि हॉटेलच्या गाडीतून आत यायचं.

मधोमध पाणी खेळवलं आहे. लहान बंधाऱ्यांवरून ते टप्प्याटप्प्यानं उतरतं आणि त्याचा आवाज घरांपर्यंत पोचतो. जेवणघरासमोरचा उतार भातखाचरांसारखा पायऱ्यापायऱ्यांनी कापला आहे. तिथे भात पिकत नाही, हे खरं. पण डोंगरउतारावरच्या जपानी गावाची ठेवण नजरेला लगेच ओळखू येते.

मला सर्वांत भावतं ते छप्पर. आढ्यावर आणखी एक छोटं छप्पर उचलून बसवलं आहे. खोलीतली गरम हवा वर चढते आणि तिथून बाहेर पडते. खालून दरीतली गार हवा आत येते. या मुलखातल्या रेशीमकिडे पाळणाऱ्या जुन्या घरांनाही हवेसाठी असंच उंचावलेलं आढं असे. म्हणजे इथलं छप्पर गावाकडच्या घरासारखं नुसतं दिसत नाही, त्याच्यासारखं कामही करतं. आपल्याकडे काँक्रीटच्या स्लॅबवर कौलं चिकटवून, भिंतीवर वारली चित्रं काढून ‘गावचा फील’ विकणारी रिसॉर्ट पाहिली की हा फरक फार जाणवतो. त्या कौलांखाली दिवसभर एसी चालू असतो.

होशिनोंनी जलविद्युत फार पूर्वीपासून वापरली. कायापालटात तिच्या जोडीला जमिनीतली उष्णता वापरणारी यंत्रणा आली, आणि आज ऊर्जेची बरीचशी गरज जागेवरच भागते.

एक गोष्ट मात्र खटकते. खऱ्या गावात कोणीही येऊ शकतो; इथे मुक्काम करणं सामान्य जपानी कुटुंबाच्याही खिशाला जड आहे. पण शेजारीच होशिनोंच्याच समूहाचं ‘तोंबो नो यू’ हे सार्वजनिक स्नानगृह आहे. तिथे मुक्कामाची अट नाही, तिकीट काढून कोणीही गरम पाण्यात उतरू शकतं.