पहिल्या सत्राचा निकाल

करकंबहून पंढरपूरकडे जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.त, उजनीच्या पाण्यावर पिकलेल्या उसाच्या व द्राक्षांच्या रानांतून वाट काढीत, महाविद्यालयास निघालेली जी मुलेमुली दिसतात, त्यांतील पुष्कळांच्या घरात पदवीचा वर्ग पाहणारी ती पहिलीच असतात. म्हणूनच पहिल्या सत्राच्या निकालात दोन-तीन विषय राहिले, की ‘पोराला शिक्षण झेपत नाही’ असा निवाडा घरात ताबडतोब होतो आणि पोरही तो मुकाट्याने मान्य करते. हा निवाडा घाईचा आणि बहुधा अन्यायाचा आहे.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या, गृहपाठ रोज तपासून घेण्याची सवय असलेल्या मुलापुढे एकाएकी इंग्रजी क्रमिक पुस्तके येतात, प्राध्यापक तासाभरात विषय मांडून जातात, आणि वर्षभर पुरणारा अभ्यास जेमतेम चार महिन्यांत आटोपावा लागतो. येथे बुद्धीपेक्षा अभ्यासाची रीतच उणी पडते, आणि ती कोठे उणी पडली याचा खरा दाखला उत्तरपत्रिकेतच असतो. मुदतीत अर्ज व शुल्क भरून तिची छायाप्रत मागवावी आणि ती घेऊन प्राध्यापकांपुढे बसावे. ‘कारणे द्या’ या प्रश्नाखाली पाठ केलेली व्याख्याच पानभर लिहिलेली, गणितात मधली पायरी गाळलेली, शेवटचा प्रश्न वेळेअभावी कोरा, असे दोष तेथे स्वच्छ दिसतात, आणि ते सुधारता येण्याजोगे असतात.

ज्याला मुले ‘केटी’ म्हणतात, ती एटीकेटी म्हणजे नियमात बसतील इतके विषय राहूनही पुढील वर्गात बसण्याची मुभा होय. गुणांचा हिशेबही समजतो तितका निष्ठुर नाही: सर्व सत्रांचे श्रेयांक समान धरले, तर पहिल्या सत्रात 5 आणि पुढील पाच सत्रांत 8 मिळविणाऱ्याची सरासरी 7.5 भरते. मात्र राहिलेला विषय शेवटच्या वर्षापर्यंत लांबणीवर टाकू नये, कारण पुढचे विषय त्याच्याच पायावर उभे असतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1907 साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. पुढे लंडनमध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी फेरमांडणीसाठी परत केला, तो त्यांनी पुन्हा लिहून सादर केला आणि 1923 मध्ये डी.एस्सी. ही पदवी मिळविली. परत आलेले लिखाण पुन्हा हाती घेण्याचे हे धैर्य गावातील प्रत्येक मुलाच्या कानी घालण्यासारखे आहे.

मुलींची कैफियत मात्र अधिक बिकट आहे. मुलाचे दोन विषय राहिले तर घरचे रागावतात. मुलीचे राहिले तर स्थळे पाहण्यास निमित्त मिळते, आणि फेरपरीक्षेचा अर्ज भरण्याच्या आतच तिचे शिक्षण संपुष्टात येते. अशा घरी महाविद्यालयाच्या एखाद्या प्राध्यापिकेने स्वतः जाऊन, राहिलेले विषय पुढच्या परीक्षेत सोडवता येतात हे तिच्या आईवडिलांना समजावून सांगितले पाहिजे, आणि तेही निकाल लागल्याच्या आठवड्यातच.