कमावलेले कातडे

मोठ्या हौसेने घेतलेल्या कोल्हापुरी चपलेचा तळ दोन महिने पुरते भरण्याच्या आतच पुरणपोळीसारखा फुगला आणि त्याचे पदर सुटू लागले, तेव्हा दुकानदाराशी हुज्जत घालत बसण्यापेक्षा ती वहाण पिशवीत घालून गडमुडशिंगीहून निघावे आणि शहराच्या वेशीवर अजूनही कातडी कमावीत असलेल्या एका परिचित वृद्ध कारागिराकडे जावे, असे मी ठरविले. त्याने वहाण हाती घेतली, प्रथम हुंगली, मग तळाच्या कडेला रापीने तिरका छेद दिला आणि तो काप उजेडात माझ्यापुढे धरला. दोन्ही अंगांनी तांबूस दिसणाऱ्या त्या कापाच्या मधोमध सुपारीच्या खांडात दिसते तशी एक पांढुरकी रेघ होती. "हे बघा गुरुजी, आत कच्चंच हाय. कुणीतरी घाई केलीया," एवढेच तो म्हणाला, आणि पुन्हा आपल्या हौदाकडे वळला.

आपल्या भाषेत पैसा कमावतात तसे कातडेही कमावतात. तालमीच्या या शहरात शरीर कमावतात आणि तंबोऱ्यापुढे बसून आवाजही कमावतात. पैशाखेरीज या तिहींना मुदत लागते, ही गोष्ट त्या पांढऱ्या रेघेने मला नव्याने शिकविली. आणि त्याचबरोबर एक जुनाच प्रश्न मनात उभा राहिला, की ज्याच्या हाती कच्चा माल प्रथम येतो त्याने तो तसाच विकून मोकळे व्हावे, की स्वतः कमावून मग बाजारात न्यावा?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हे. उत्तर अमेरिकेच्या हिमारण्यात सापळे लावून बीव्हर, मिंक, कोल्हे धरणारे पारधी पिढ्यान्‌पिढ्या याच विवंचनेत राहिले आहेत. 1670 साली सनद मिळालेल्या हडसन्स बे कंपनीपासून आजच्या लिलावगृहांपर्यंत त्या व्यापाराचा सामान्य रिवाज असा, की पारध्याने कातडे सोलावे, आतली चरबी खरवडावी, फळीवर ताणून वाळवावे आणि तेथेच थांबावे. पुढचे कमावणे व रंगविणे त्या कामात मुरलेल्या कारखानदाराचे. याला एक अपवाद मोठा मौजेचा आहे. सतराव्या शतकात कॅनडातील मूळ रहिवाशांनी केसाळ बाजू आत करून वर्ष-दोन वर्षे अंगावर वापरलेली बीव्हरची पांघरुणे फ्रेंच व्यापारी कोऱ्या कातड्यापेक्षा अधिक मोल देऊन घेत, कारण अंगच्या घामाने आणि घर्षणाने वरचे राठ केस झडून जात व टोपीच्या नमद्यासाठी हवी असलेली मऊ लोकर तेवढी उरे. वापरलेली वस्तू कोरीहून महाग, असा हा सौदा जगाच्या बाजारात विरळाच!

आमच्या कोल्हापुरात मात्र कमावण्याची विद्या निराळीच आहे. मिठात मुरवून आलेले म्हशीचे कातडे आधी पाण्यात भिजवून त्याचा मीठ-मळ काढतात. मग ते चुन्याच्या पाण्यात कित्येक दिवस पडून राहते, तोवर केसांची मुळे सैल होतात. दोन मुठींच्या बोथट सुरीने एका अंगाचे केस आणि दुसऱ्या अंगाचे मांस खरवडून झाले, की धुऊन चुना काढणे आलेच. त्यानंतर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या कषायात त्याचे दीर्घ वास्तव्य सुरू होते. शेवटचा संस्कार तर पाहण्याजोगा असतो: कातड्याच्या कडा वाखाच्या दोरीने शिवून त्याचीच पिशवी करतात, ती लाकडी चौकटीला टांगून तिच्यात साल व हिरड्याचा रस तोंडापर्यंत भरतात, आणि तो रस कातड्याच्या रंध्रांतून पाझरून खालच्या भांड्यात थेंब थेंब गळू लागला, की तोच पुन्हा वर ओततात. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे गळ्याकडचा भागही कोरा राहत नाही. मी गेलो तेव्हा अशा तीन पिशव्या लोंबत होत्या, आणि दर चार-सहा थेंबांमागे म्हातारा नकळत मान वर करून त्यांच्याकडे पाहत होता. साऱ्या खटाटोपाला महिना-दीड महिना लागतो. क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम काही दिवसांत उरकते. पण खिळा न मारता केवळ चामड्याच्या वादीने शिवायच्या वहाणेचा जो तळ पायाच्या ठेवणीप्रमाणे दबतो आणि तेल पाजले असता वर्षानुवर्षे टिकतो, तो या सालीच्या कातड्याचाच.

आता ही विद्या आणि तिचा लाभ एका हाती का राहिला नाही, याचे उत्तर आमच्या गावगाड्यात आहे. मेलेले जनावर ओढून नेणे महारांकडे, कातडे कमावणे ढोरांकडे, कापणे-शिवणे चांभारांकडे, अशी वाटणी रूढीने करून ठेविली होती. आणि ज्या टप्प्यावर दुर्गंधी अधिक, त्याच टप्प्यावर मोबदला कमी आणि अवहेलना जास्त, असा तिचा अलिखित कायदा होता. म्हणूनच 1918 साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात महार वतन रद्द केले आणि 1927 साली महाडास बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरे ओढण्याचे सोडून द्या असे बजावले, तेव्हा 'कच्च्या मालाचा धनी' होण्याचा मान त्या लोकांनी का झिडकारला, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही. उलट गांधीजींनी 1934 साली 'हरिजन' पत्रात गावोगावच्या चर्मोद्योगाचा कैवार घेताना, दरसाल नऊ कोट रुपयांचे कच्चे कातडे परदेशी जाते व त्यातले बरेचसे तयार माल होऊन परत येते, असा अदमास मांडला. आणि वर्ध्याजवळ नालवाडीस गोपाळराव वाळुंजकरांनी ते काम स्वतःच्या हातांनी करून दाखविले. दोन्ही पक्षांत तथ्य आहे, तरी माझा कल पहिल्याकडे आहे. प्रतिष्ठेवाचून मिळालेला कच्च्या मालाचा हक्क हा हक्क नव्हेच.

सरकारदरबारीही हा वाद जुनाच. 1919 साली कच्च्या कातड्यावर शेकडा 15 निर्यात-जकात बसली. पुढे सीतारामय्या समितीच्या अहवालानंतर 1973 मध्ये कच्च्या कातड्याची निर्यात बंदच झाली. कमावल्यावाचून कातडे देशाबाहेर जाऊ द्यायचे नाही, हे देशाने ठरविले खरे; पण देशात ते कोठे कमावायचे, हे बाजाराने ठरविले, आणि आज कोल्हापुरी वहाणेचे पुष्कळसे चामडे चेन्नईसारख्या दूरच्या पेठांतून तयार होऊन येते. 2015 पासून राज्यात गोवंशहत्या-बंदी बैल-वळूंनाही लागू झाल्यावर म्हशीच्या कातड्यावरचा भार वाढला. 2019 साली महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले, आणि 2025 च्या जूनमध्ये प्राडा नामक इटालियन पेढीने मिलानच्या प्रदर्शनात आमच्याच घडणीच्या वहाणा नावगाव न सांगता मांडल्या, तेव्हा सारा गाव खडबडून जागा झाला. हौदाकाठच्या माणसाची आठवण त्या गदारोळात फारशी कोणाला झाली नाही.

खरी अडचण कौशल्याची नाही, दीड महिन्याची आहे. कच्चे कातडे आज विकले तर संध्याकाळी पीठ-मीठ घरी येते. कमावायचे तर कातडे, मीठ, चुना, साल, हिरडा यांत पैसा गुंतवून तोवर घर कोणाच्या उधारीवर चालवायचे? हिमारण्यातला पारधीही शिधा, सापळे आणि काडतुसे कंपनीच्या खात्यावर उचलून हिवाळा काढी, आणि वसंतात आणलेली कातडी त्या खात्यावर जमा होत. थांबण्याची ऐपत ज्याची, नफा त्याचा, म्हणून माझ्या मते कमावावे जरूर, पण आधी मुदतीचे भांडवल कारागिरांच्या स्वतःच्या सोसायटीने उभे करावे, नाहीतर घाईघाईने उपसलेल्या कातड्यातली पांढरी रेघ गिऱ्हाइकाच्या पायाखाली उघडी पडते.

म्हाताऱ्याला मी हे सारे आवेशाने ऐकविले. तो पाझरलेला रस पिशवीत परत ओतीत होता. "खरं हाय," तो म्हणाला, "पर ही तिन्ही कातडी यापाऱ्याची. मी मजुरीवर हाय."

मी गप्प झालो. मग त्यानेच माझी वहाण उचलून पुन्हा एकवार पाहिली, पट्टे चांगले आहेत, फक्त तळ बदलावा लागेल, असा निवाडा दिला आणि कोपऱ्यात ठेवलेल्या स्वतःच्या एका लहानशा कातड्याकडे बोट करून म्हणाला, "यातनं देतो. शिवून पलीकडच्या गल्लीत घ्या. पर आठ दिसांनी या, अजून उलटून टांगायचं हाय."