टाका उसवला की पिकला?

आमच्या बीदरकडे, औराद-भालकीत, ऑपरेशनची जखम बिघडली की माणसं एवढंच म्हणतात, 'टाका पिकला.' मेडिकल कोडिंगला, म्हणजे केसपेपरवरच्या आजाराला ठरलेला आकडा द्यायला, तेवढं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीत जखम उसवली तर टी८१.३, जंतुसंसर्ग झाला तर टी८१.४. कोडर पेशंटला बघत नाही, फक्त कागद वाचतो. नुसतं 'जखम ओली' लिहिलं असेल तर त्यानं अंदाज बांधायचा नसतो, डॉक्टरांना विचारायचं असतं. म्हणून ऑपरेशनची तारीख, पू कधी दिसला, कातडीपुरता की खोल, हे लिहिलेलं हवं. संसर्ग शस्त्रक्रियेचा धरायला साधारण ३० दिवसांची मुदत असते. (मला तर हे व्याकरणच वाटतं.) पेशंट पुढे उदगीरला गेला, तर तिथल्या डॉक्टरांच्या हाती तोच कागद पडतो.