प्रयोगशाळेतली अदलाबदल: नुकसान नेमकं कशाचं?

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात निम्मं काम प्रयोगशाळेत होतं. स्त्रीबीज काढलं, शुक्राणूंचा नमुना घेतला, की पुढे सगळी भिस्त डबीवरच्या नावावर आणि नंबरावर. तिथेच अदलाबदल झाली तर जबाबदार कोण आणि भरपाई कशाची, हे आज आपण पाहू.

चूक सिद्ध करणं इथे तुलनेनं सोपं आहे. एरवी डॉक्टर म्हणतात, 'आम्ही काळजी घेतली, पण गुण आला नाही,' आणि ते खरंही असू शकतं. पण ज्यांनी दात्याचं बीज मागितलंच नव्हतं, त्यांच्या मुलाचा डीएनए वडिलांशी जुळत नसेल, तर असा बचाव फारसा टिकत नाही. घडलेली गोष्टच निष्काळजीपणाची साक्ष देते. शिवाय डबी तंत्रज्ञाच्या हातून बदलली, म्हणून रुग्णालय सुटत नाही. नोकराच्या कामातल्या चुकीला मालक जबाबदार असतो.

खरी अडचण पुढे आहे. मूल तर सुदृढ आहे, लाडकं आहे. मग नुकसान कसलं?

सिंगापूरच्या अपील न्यायालयापुढे २०१७ साली हाच प्रश्न आला. पतीऐवजी परक्या पुरुषाचे शुक्राणू वापरले गेले होते. आईनं मुलीच्या संगोपनाचा खर्च मागितला. न्यायालयानं तो नाकारला, कारण तो खर्च नुकसान म्हणून धरला तर मूलच नुकसान ठरतं. पण आईला रिकाम्या हातीही पाठवलं नाही. आईबाप आणि मूल यांना जोडणारं जनुकीय नातं हिरावलं गेलं, हेच स्वतंत्र नुकसान मानलं आणि त्याची भरपाई संगोपनखर्चाच्या ३० टक्के ठरवली.

आता आपल्याकडे बघू. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. दिल्लीतल्या एका प्रकरणात जुळ्यांपैकी एकाचा रक्तगट आईवडिलांशी जुळेना. डीएनए चाचणीत वडील वेगळे निघाले. २०२३ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं दीड कोटी रुपयांची भरपाई ठरवली. मुलं जन्मली होती २००९ साली. म्हणजे न्यायाला चौदा वर्षं लागली.

मुदतीचंही ध्यानात ठेवायला हवं. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षं असते. उशिराचं सबळ कारण दाखवलं, तर आयोग ती वाढवू शकतो. अशी चूक पुष्कळदा रक्तगट तपासेपर्यंत कळतच नाही, म्हणून ती कधी आणि कशी कळली याचा कागद मोलाचा. संमतीपत्रं, प्रयोगशाळेचे अहवाल, पावत्या, सगळं जपून ठेवावं.

आणि वकिलाकडून अर्ज लिहून घेताना एक बघावं: तक्रार चुकीबद्दल असावी, मुलाबद्दल नाही. उद्या ते मूल मोठं होऊन तो अर्ज वाचणार आहे.