सिमेनोंची माणसं, फ्रान्सचा पडदा

कादंबरी लिहायला घेण्याआधी जॉर्ज सिमेनों एक पिवळं पाकीट पुढ्यात ओढायचा आणि त्यावर टिपणं करायचा. माणसांची नावं (ती तो टेलिफोन डिरेक्टरीतून वेचायचा), त्यांची वयं, आईबाप, पत्ते, कधीकधी राहत्या घराचा नकाशासुद्धा. त्यात कथानक नसे. शेवट तर नसेच. मग तो स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : काय घडलं तर हा माणूस आपल्या टोकाला जाईल? उत्तर सुचलं की खोलीचं दार बंद. रोज एक प्रकरण, एक दिवसही खाडा नाही, आणि साधारण 11 दिवसांत कादंबरी हातावेगळी. या दिवसांचा ताण इतका भयंकर असे की सुरुवात करण्याआधी तो डॉक्टरकडून तब्येत तपासून घेई.

हा मूळचा बेल्जियमचा. 1903 साली लिएजमध्ये जन्मला, 1989 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला वारला. स्वतःच्या नावावर दोनशेच्या घरात कादंबऱ्या, त्यांपैकी सुमारे 75 पॅरिसच्या इन्स्पेक्टर मेग्रेच्या. टोपणनावांनी लिहिलेल्या वेगळ्याच. आणि या पुस्तकांवरून निघालेले चित्रपट पन्नासहून अधिक, बहुतेक फ्रेंच. तिथल्या 1930 नंतरच्या जवळजवळ प्रत्येक पिढीतला कुणी ना कुणी मोठा दिग्दर्शक एकदा तरी सिमेनोंच्या दारात येऊन गेला आहे. असं काय होतं त्या घाईघाईने लिहिलेल्या, दीडदोनशे पानांच्या पुस्तकांत?

उत्तराचा एक धागा कोलेतकडे जातो. सिमेनों विशीत असताना ‘ल मातँ’ या दैनिकासाठी कथा पाठवायचा, आणि तिथलं साहित्याचं पान ही थोर लेखिका बघायची. तिने कथा परत केल्या. तक्रार एकच : फार साहित्यिक लिहितोस, ते काढून टाक. त्याने ते इतकं मनावर घेतलं की पुढे आयुष्यभर कापतच राहिला. विशेषणं गेली, नटवी वाक्यं गेली, उपमा जवळजवळ संपल्या. उरले ते पाऊस, टेबल, ओला ओव्हरकोट, उकळणारं सूप, असे हाताला लागणारे शब्द. त्याचं पान वाचताना वाटतं, यात आहे काय? आणि दोन पानांनंतर आपला स्वतःचा कोट ओला झालेला असतो.

इतकं उघडंवाघडं, वस्तूंनी भरलेलं गद्य म्हणजे कॅमेऱ्याची सोय, हे सहज पटतं. मला थक्क करते ती पुढची गोष्ट. या दिग्दर्शकांनी सिमेनोंचं काहीच जसंच्या तसं ठेवलं नाही. गाव बदललं, देश बदलला, नायकाचा धंदा बदलला, शेवट फिरवला. तरीही चित्रपट संपतो तेव्हा पडद्यावर सिमेनोंच असतो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर एकाच कादंबरीवरचे दोन चित्रपट एकाच आठवड्यात पाहा. ‘ले फियाँसाय द मॉस्यू इर’ ही 1933 ची कादंबरी. पॅरिसच्या वेशीवरचं व्हिलझ्विफ नावाचं उपनगर, तिथे एकटा राहणारा, गुबगुबीत, फिकट, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला मॉस्यू इर. टपालाने छोट्यामोठ्या फसवणुका करून पोट भरतो आणि रात्री अंधारात बसून समोरच्या खिडकीतल्या अॅलिस नावाच्या तरुणीकडे पाहत राहतो. आसपास एका बाईचा खून झालेला असतो. अशा माणसावर संशय यायला वेळ लागत नाही.

ज्युलियाँ द्युविव्हिएने 1946 साली यावर ‘पानिक’ काढला, म्हणजे घबराट. महायुद्धाची वर्षं हॉलिवूडमध्ये काढून मायदेशी परतल्यावरचा त्याचा हा पहिला चित्रपट. ज्या फ्रान्समध्ये तो परतला, तिथे जर्मन ताब्याच्या काळात शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांविरुद्ध निनावी चिठ्ठ्या धाडल्या होत्या, आणि मुक्तीनंतर जमावांनी रस्त्यांवर हिशेब चुकते केले होते. द्युविव्हिएने कादंबरीतला जमाव उचलला आणि त्यालाच मुख्य पात्र केलं. त्याच्यासाठी चर्च, हॉटेल, दुकानं, माणसं यांनी गजबजलेला एक अख्खा चौक स्टुडिओत उभारला. मिशेल सिमोंचा इर दाढीवाला, गळ्यात कॅमेरा अडकवलेला, लोकांशी तुटक बोलणारा. त्याने कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. तो फक्त कुणाला आवडत नाही.

त्यातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. चौकात जत्रा लागलेली आहे. एकमेकांवर आदळायच्या त्या विजेच्या गाड्या असतात ना, त्यांतल्या एकीत इर बसतो. पहिला धक्का बसतो, तो गमतीचा. दुसरा जरा जोराचा. मग बाकीच्यांच्या लक्षात येतं की हाच तो. चारी बाजूंनी गाड्या त्याच्यावर यायला लागतात, माणसं हसताहेत, संगीत वाजतंय, आणि मधोमध हा गृहस्थ टोपी सावरत स्टिअरिंग फिरवतोय. कुणी कुणाला ठरवून सांगितलेलं नाही. खेळ कुठे संपला आणि शिकार कुठे सुरू झाली, ती रेघ दिग्दर्शक दाखवत नाही, कारण त्या माणसांनाही ती दिसलेली नसते. या प्रसंगानंतर पुढे काय वाढून ठेवलंय याची धास्ती पोटात बसते. ते मी सांगणार नाही.

आता 1989. पात्रिस लकोंत तोवर मुख्यतः विनोदी चित्रपटांसाठी ओळखला जायचा आणि त्याने इरच्या भूमिकेत घेतला मिशेल ब्लाँ, तोही फ्रेंच प्रेक्षकांना हसवणारा नट. ‘मॉस्यू इर’ मधला इर शिंपी आहे. काळा कोट, गुळगुळीत मागे बसवलेले केस, पाळलेले पांढरे उंदीर. चौक नाही, जत्रा नाही, जमाव जवळजवळ नाहीच. एक पोलीस अधिकारी, एक अॅलिस, एक खिडकी. अंधारात उभं राहून तिला पाहताना तो दर वेळी ब्राम्सची तीच रेकॉर्ड लावतो. एका रात्री वीज चमकते आणि त्या लख्ख क्षणात अॅलिसला समोरच्या खिडकीतला चेहरा दिसतो. घाबरून ती पडदे ओढेल असं आपल्याला वाटतं. काही दिवसांनी ती त्याच्या दाराशी जिन्यावर येते आणि तिच्या हातातली टोमॅटोची पिशवी सांडते. लाल टोमॅटो पायऱ्यापायऱ्यांवरून घरंगळत जातात, ती गुडघ्यांवर बसून एकेक वेचते, आणि दारात उभा असलेला इर मदतीला हलत नाही, नुसता पाहतो. साँद्रिन बोनेरच्या त्या वाकण्यात किती सहजता आणि किती हिशेब, हे ठरवताना चित्रपट संपून जातो.

एकाच पुस्तकातून निघालेले हे दोन चित्रपट. एकात गुन्हा सबंध मोहल्ल्याचा, दुसऱ्यात सगळं एका माणसाच्या नजरेत कोंडलेलं. दोघांनीही सिमेनोंच्या बाहेरचं काही आणलेलं नाही, कारण जमावही त्या पानांत आहे आणि खिडकीही. सिमेनों इरला निर्दोष म्हणून कुरवाळत नाही आणि विकृत म्हणून झिडकारतही नाही. कुठे उभं राहून पाहायचं ते तो सांगतच नाही, म्हणून प्रत्येक दिग्दर्शकाला स्वतःची जागा शोधावी लागते. माझ्या मते त्याच्या कादंबऱ्यांमधून इतके चित्रपट निघण्याचं खरं कारण हे आहे. कमी शब्दांची भाषा ही झाली नुसती सोय.

जागा बदलण्याची सगळ्यात धाडसी मिसाल म्हणजे बेर्त्राँ ताव्हेर्निएचा ‘लोर्लोझे द सँ-पोल’, म्हणजे सँ-पोलचा घड्याळजी (1974). मूळ कादंबरी अमेरिकेत घडते. सिमेनों 1945 ते 1955 अमेरिकेत होता, आणि एव्हर्टन नावाच्या छोट्या गावातल्या घड्याळजीची ही गोष्ट त्याने तिथेच रचली. मुलगा एका मुलीला घेऊन पळालाय आणि त्याने खून केलाय, हे बापाला पोलिसांकडून कळतं. ताव्हेर्निएने ही गोष्ट उचलून स्वतःच्या जन्मगावी, लियोंच्या सँ-पोल भागात आणली. अरुंद गल्ल्या, मित्रांची जेवणं, टेबलावर रंगणारं राजकारण. हा त्याचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. पटकथेसाठी त्याने ज्याँ ओराँश आणि पिएर बोस्त या जुन्या जोडीला बोलावलं. वीस वर्षांपूर्वी तरुण समीक्षक त्रुफोने साहित्यकृतींवरच्या चित्रपटांचा समाचार घेताना नेमकी हीच दोघं झोडपली होती, आणि तेव्हापासून ती जवळजवळ वाळीत पडली होती. त्यांनी किती बारीक, माणुसकीने भरलेली पटकथा लिहिली आहे, ते पाहाच. फिलिप न्वारेचा बाप आणि ज्याँ रोशफोरचा पोलीस अधिकारी, दोघेही मध्यमवयीन, दोघेही आपल्या मुलांना न ओळखणारे. या दोघांच्या भेटी हा चित्रपटाचा कणा. खून का झाला यापेक्षा हा बाप आता मुलाच्या शेजारी उभा राहील का, याची आपल्याला तगमग लागते. बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं.

‘ल शा’, म्हणजे मांजर (1971), एकट्याने पाहू नका. पिएर ग्रानिए-दफेरच्या या चित्रपटात ज्याँ गाबँ आणि सिमोन सिन्योरे हे फ्रेंच पडद्यावरचे दोन दिग्गज एका म्हाताऱ्या जोडप्याच्या भूमिकेत आहेत, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. स्वयंपाक वेगळा, बाजारहाट वेगळा. अगदीच काही सांगायचं असलं तर कागदाच्या चिटोऱ्यावर. नवऱ्याची माया घरातल्या मांजरावर, आणि बायकोचा सगळा राग त्याच मुक्या जिवावर. आजूबाजूला जुनी घरं पाडून पॅरिसलगतच्या कूर्ब्व्हात उंच इमारती उठताहेत. खिडकीबाहेर भिंत कोसळते तेव्हा आतल्या आत काहीतरी ढासळल्यासारखं वाटतं. दोघांनाही बर्लिनमध्ये अभिनयाचं पारितोषिक मिळालं.

मेग्रेचे चित्रपट हा स्वतंत्र खजिना. ज्यांना फक्त एक पाहायचा आहे त्यांनी ज्याँ दलानुआचा ‘मेग्रे ताँ अँ पिएझ’ (1958) पाहावा : उन्हाळ्यात घामेजलेलं पॅरिस, माराय भागात बायकांचे खून, आणि गाबँचा शांत, जडशीळ मेग्रे. पण माझा जीव ज्याँ रन्वारच्या ‘ला न्यी द्यु कार्फूर’ (1932) वर जास्त. मेग्रेला पडद्यावर आणणाऱ्या अगदी पहिल्या चित्रपटांपैकी हा, आणि इन्स्पेक्टर झालाय रन्वारचा सख्खा भाऊ पिएर. एक चौरस्ता, एक गॅरेज, धुकं आणि पाऊस. गोष्ट नीट कळत नाही. अनेक दुवे निसटतात. पण रात्रीच्या पाठलागात कॅमेरा गाडीतच आहे, दिव्यांच्या झोतात तेवढाच रस्ता उजळतो, बाकी सगळा काळोख, आणि आवाजावरून ओळखायचं की गोळी कुठून आली. सिमेनोंच्या पानावरचा ओलावा इतक्या जवळून मला पुन्हा कुठे जाणवला नाही.

शेवटी ‘ल त्रँ’ (1973), पुन्हा ग्रानिए-दफेर. मे 1940. जर्मन फौजा येताहेत म्हणून आर्देन भागातली माणसं आगगाडीने पळताहेत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या ज्युलियाँची (कादंबरीत हा मार्सेल) गरोदर बायको आणि लेक एका डब्यात, तो स्वतः गुरांच्या डब्यात. वाटेत डबे वेगळे होतात, आणि त्याच्या शेजारी अॅना नावाची परकी, गप्प बाई असते. ज्याँ-लुई त्रँतिन्याँ आणि रोमी श्नायडर. काही दिवस, एक प्रेम, मग ताटातूट. पुढे कधीतरी ती पुन्हा समोर येते, तेव्हा या सरळमार्गी माणसाला काहीतरी ठरवावं लागतं. कादंबरीतला मार्सेल जे ठरवतो, त्याच्या नेमकं उलट पडद्यावरचा ज्युलियाँ ठरवतो. इथे फक्त शहर किंवा धंदा बदललेला नाही, माणसाची निवडच बदलली आहे. हे अजून सिमेनोंचं राहिलं का? मला वाटतं, राहिलं. पिवळ्या पाकिटावरचा प्रश्न तोच आहे, ग्रानिए-दफेरने उत्तर दुसरं लिहिलंय. पण त्या उत्तराचं मोल पुस्तकातलं उत्तर ठाऊक असेल तरच कळतं, म्हणून या एका बाबतीत क्रम पाळा : आधी कादंबरी, मग चित्रपट. पुस्तक लहान आहे, सुट्टीच्या दिवशी दुपारी सुरू केलं तर रात्री आगगाडी पकडता येते.